निळी हाक

सांगून जायची काही रीत असते की नाही, एवढंच शालनआक्कांचं म्हणणं होतं, आणि गेले अठरा दिवस ते त्या शेडमधल्या प्रत्येकीला ऐकवत होत्या. ऐन हंगामात, जाळ्यांवर बेदाणा वाळून तयार असताना, रंजनाची लेक संचिता दुपारी जी उठून गेली ती परत फिरकलीच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून रंजनाही नाही. ना निरोप, ना फोन. पोरगी अंगावरचा एप्रन नि डोक्याची जाळीची टोपीसुद्धा तशीच घेऊन गेली.

"पोटात कळा सुरू झालेली बाईसुद्धा माझ्याकडं येऊन 'जाते आक्का' म्हणून गेलीय," निवडणीच्या टेबलाशी उभ्या राहून आक्का म्हणायच्या. "आन् ही बघा. देवळाबाहेर चप्पल सोडावी तसं काम सोडलं नि चालती झाली."

"कुठं लगीन-बिगीन ठरलं असंल," पलीकडून कुणीतरी म्हणे.

"ठरू दे की. मी काय मांडवात आडवी झोपणार हाय?"

बायका टोपीखाली हसायच्या. हसायचं आणि भ्यायचं, दोन्ही एकाच तोंडानं कसं करावं हे त्या शेडमधल्या बायकांना चांगलं जमत होतं.

तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडी पुष्कळ, पण नव्वद बायका हाताखाली घेऊन चालवलेली शेड आक्कांचीच. शाळा तिसरीत सुटली होती. नवरा गेला तेव्हा पदरात नऊ वर्षांचा संग्राम आणि द्राक्षाची दीड एकर बाग. त्यातून त्यांनी हे उभं केलं. पहिल्यांदा माल विकताना अडत्यानं सगळ्यांदेखत "अंगठाबहाद्दर बाई" म्हटलं, तेव्हा तिशीत त्यांनी सही शिकून घेतली, आणि त्या दिवसापासून कुठल्याही कागदावर अंगठा म्हणून उठवला नाही. आता शेडचा कारभार संग्राम बघायचा. तरी शब्द आक्कांचाच चालायचा.

उष्माकड्याचा कायदा आला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. "नवरा गेला तवा भावकीनं माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या. आता सरकार कडं घालतंय." पण त्याआधीच्या तीन उन्हाळ्यांत शिवाराशिवारांतून माणसं उभ्या उभ्या कोसळली होती. म्हणून नियम झाला, की उन्हात नाहीतर पत्र्याखाली राबणाऱ्या प्रत्येकानं, बाई असो की बाप्या, मनगटात कडं घालायचं. कड्याला आतून एक मऊ गादी असते. ती घाम टिपते, त्यातलं मीठ मोजते, नाडी धरते, कातडीची ऊब बघते. अंग आतून उकळायला लागलं की ते माणसाच्या आधी कड्याला कळतं. मग मुकादमाच्या, या शेडमध्ये म्हणजे आक्कांच्या, कड्यावर लाल हाक वाजते, कोण आणि किती पावलांवर ते दाखवते. पहिल्याच उन्हाळ्यात आक्कांच्या शेडमधल्या चौघी त्या हाकेवर वाचल्या. तेव्हापासून कड्याला नावं ठेवायचं त्यांनी सोडलं.

पण काही लाल हाका खोट्या निघायच्या. थंडीच्या सकाळी, सावलीत, अंगात ताप नसतानाही कडं वाजायचं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत असल्या नोंदी बिघाड म्हणून बाजूला टाकत. तिथल्या एका तरुण संशोधक बाईनं तो टाकाऊ ढीग उपसला. तिला दिसलं की हा बिघाड बहुतेक बायका-मुलींच्या मनगटांवरच होतो, आणि तोही बंद जागी. गोदामात, दप्तराच्या खोलीत, गाडीच्या मागच्या सीटवर. ती गावोगाव विचारत हिंडली. पुष्कळ जणींनी तोंड उघडलं नाही, काहींनी उघडलं.

त्या नोंदींची चाल एकसारखी होती. नाडी आधी उधळते, मग दरीत पडावी तशी एकाएकी खाली येते. हात गार पडतात. स्नायू लाकडासारखे ताठतात, पण हलत नाहीत. घसा मिटतो. कुत्र्यानं धरलेला ससा मेल्यासारखा पडतो ते सोंग नसतं. मेंदूच्या देठाशी एक फार जुनी कळ आहे. पळायला वाट उरली नाही की ती आपोआप दाबली जाते, आणि मग हातपाय आणि आवाज धन्याच्या ताब्यात राहत नाहीत. माणसातही ती कळ शिल्लक आहे. शास्त्रज्ञांनी त्या अवस्थेला 'गोठण' म्हटलं आणि कड्यात तिच्यासाठी वेगळी हाक घातली. निळी. कोर्टंही ती नोंद मानू लागली. नोंद मात्र ज्याची त्याची. त्याच्या अंगठ्याशिवाय ती कुणालाही उघडता येत नाही, आणि एकवीस दिवसांनी आपोआप पुसली जाते.

आक्कांच्या शेडमध्ये निळी हाक पहिल्यांदा वाजली ती रॅकखाली धामण निघाली म्हणून. दुसऱ्यांदा वाजली ती एका पोरीची. नव्वद माना एकदम वळल्या, संध्याकाळपर्यंत गावात तीन गोष्टी तयार झाल्या आणि आठवड्यात त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा आक्कांनी नियम केला. निळी वाजली की आधी दाबायची. कामाची वेळ संपली की पोरीला बाजूला घेऊन विचारायचं. चारचौघांत नाव होता कामा नये. नियम मायेनं केलेला होता, आणि आजूबाजूच्या शेडींनीही तो उचलला. दाबायचं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. संध्याकाळी विचारायचं मात्र पुष्कळदा राहून जायचं.

एकोणिसाव्या दिवशी रंजना शेडमध्ये आली. हातात घडी केलेला एप्रन आणि टोपी. चौदा वर्षं ती आक्कांच्या हाताखाली राबलेली, पण आज आत आल्यावर तिनं वाकून नमस्कार केला नाही.

"आली का आठवण?" आक्का म्हणाल्या. "लेकीला पाठवायचं हुतंस. तिचे पाय काय मेंदीनं रंगवल्यात?"

"ती न्हाई यायची, आक्का."

"का? आमच्या शेडीला काटं उगवल्यात?"

रंजनानं एप्रन टेबलावर ठेवला. चौदा वर्षांत जितक्या हळू ती बोलली नव्हती तितक्या हळू म्हणाली, "तक्रार केलीया आम्ही. संग्रामदादांवर. गंधकाच्या खोलीत गाठलं त्यांनी तिला. उद्या चौकशीच्या मॅडम येणार हाईत, पंचायतीत."

निवडणारे हात थांबले. आक्कांनी आधी त्या हातांकडं बघितलं. "बेदाणा निवडा. कानानं न्हवं, हातानं." मग रंजनाकडं. "एवढं झालं तर पोरगी ओरडली का न्हाई? गंधकाची खोली काय चंद्रावर हाय? अकरा पावलांवर तर मी उभी असते."

"व्हय," रंजना म्हणाली. "अकराच. तिच्या कड्यावर तेवढीच लिहून आल्यात. निळी हाक गेलीती, आक्का. तुमच्याकडं."

ती गेली. टेबलावरच्या एप्रनला अजून बेदाण्याला धुरी द्यायच्या गंधकाचा वास येत होता.

संध्याकाळी संग्राम जेवायला बसला. चाळीस वर्षांचा, कामाला वाघ, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः आणून डबीत भरून ठेवणारा. सुनेनं ताट वाढलं आणि कुणाकडं न बघता ती आत निघून गेली.

"कुणीतरी शिकवलंय पोरीला," तो भाकरी मोडत म्हणाला. "तू जिवाला लावून घेऊ नको. माझ्या कड्याची नोंद मी आपणहून दिलीया मॅडमला. त्या दिवशी दुपारी दोन ते तीन, माझं कडं तुझ्यापासून शून्य पावलांवर. मला घामोळं येतं म्हणून मी ते खिशात ठेवतो, हे सगळ्या गावाला ठावं हाय. म्हंजे मी तुझ्याजवळ हुतो. तू फक्त व्हय म्हणायचं."

आक्कांना ती दुपार लख्ख आठवत होती. त्या दुपारी वजनकाट्याशेजारच्या खिळ्याला संग्रामचं कडं लटकलेलं त्यांना दिसलं होतं. तपासणीस आला तर पोराला बोलणी बसतील म्हणून त्यांनी ते उचललं, लुगड्याच्या ओच्यात खोचलं आणि कामाला लागल्या. तासाभरानं तो आला. केस ओले, अंगाला गंधकाचा वास. "आई, माझं कडं बघितलंस?" त्यांनी ओच्यातून काढून दिलं होतं. "स्वतःचं डोकं तेवढं खिळ्याला टांगायचं राहिलंय," असंही म्हटलं होतं.

"ते माझ्या ओच्यात हुतं, संग्राम."

त्यानं मान वर केली नाही. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या थोडा पुढं सरकवला, परत मागं घेतला. मग म्हणाला, "ती काही बोलली न्हाई, आई."

"काय?"

"नको म्हणली न्हाई. ओरडली न्हाई. ओरडली असती तर मी थांबलो नसतो का? तूच म्हणतीस की कायम, जिला नको असतंय ती ओरडतीय."

त्या म्हणत होत्या. शेडमध्ये, हळदीकुंकवात, विहिरीवर, तो लहान असताना त्याच्या डोक्यावर तेल थापता थापता. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटावर बसून पोरगा त्यांना परत करत होता.

"अंगठा मात्र देऊ नको," तो पुढं म्हणाला. आवाज पुन्हा कारभारी माणसाचा झाला होता. "नुसतं तोंडानं सांग. परवा एकवीस दिवस भरतात, मग काहीच उरत न्हाई. तुझ्या कड्यात ती निळी हाक हाय आणि तू ती दाबल्याचं पण हाय. ते निघालं तर लोक मला सोडून तुलाच धरतील. तीस वर्षांचं नाव हाय तुझं."

खरं होतं ते. वाजल्याचं त्यांना आठवत होतं. संचिता, अकरा पावलं. कसलीशी पाल-बिल पडली असंल अंगावर, असं वाटलं होतं. गंधकाच्या खोलीतून आवाज आला नव्हता. आवाज नाही, म्हणजे काही नाही. त्यांनी अंगठा टेकवून हाक बंद केली आणि चाळणीवरच्या बाईला जाळी नीट लावायला सांगितली.

आवाज नाही, म्हणजे काही नाही. हे त्या कुठं शिकल्या होत्या तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण मालन. सोळा वर्षांची, उसाला पाणी द्यायला गेलेली. शालन बारा वर्षांची, बांधावर शेळी धरून बसलेली. मालन फडातून बाहेर आली ती चिखलानं भरलेली, डोळे उघडे पण बघत नसलेली. गावकी देवळात बसली. जाणत्यांनी शालनला पुढं बोलावलं. "खरं सांग पोरी, आवाज आला का तुला?" आणि ती खरं बोलली. नाही आला. झालं, म्हणाले जाणते, ओरडली न्हाई म्हंजे राजीखुशीचा मामला. महिन्याच्या आत मालनला कर्नाटकातल्या एका बिजवराला देऊन टाकलं. ती पुन्हा माहेरी आली नाही. शालनच्या लग्नालाही नाही. मालन दोषी नव्हती असं मानलं असतं तर देवळातल्या त्या एका शब्दाचं ओझं शालनला जन्मभर वाहावं लागलं असतं. म्हणून मालन दोषीच, असं त्यांनी मानलं. ते वाक्य त्यांनी पन्नास वर्षं इतक्या वेळा म्हटलं, की त्यांना ते जात्यासारखं घरचंच वाटायला लागलं.

विसाव्या दिवशी सकाळी पंचायतीच्या खोलीत चौकशी बसली. जिल्ह्याहून आलेल्या खोत मॅडम, चष्मा कपाळावर, समोर ताटलीएवढं वाचकयंत्र. एका बाजूला संग्राम, इस्त्रीचा सदरा. दुसऱ्या बाजूच्या बाकावर रंजना, आणि तिच्या खांद्याआड संचिता. बावीस वर्षांची पोर, अंगानं निम्मी झालेली. आक्का आत आल्या तेव्हा तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

खोत मॅडमनी आधी तिची नोंद वाचून दाखवली. दुपारी दोन एक्केचाळीस, गंधकाची खोली. नाडी एकशे बेचाळीसवरून दीड मिनिटात अठ्ठेचाळीसवर. हात गार. सोळा मिनिटं गोठण. हाक पाठवली, मुकादम, अकरा पावलं. जवळ दुसरं कडं नाही.

"हाक तुमच्यापर्यंत पोचली का, हे तुमच्याच कड्यात असणार," त्या आक्कांना म्हणाल्या. "आणि संग्राम यांचं म्हणणं, त्या वेळी ते तुमच्याजवळ होते. कडं खिशात होतं. तुम्ही काय सांगता?"

"तोंडानं सांगितलं तर चालतंय?"

"शपथेवर चालेल. अंगठ्याची सक्ती नाही."

"आन् अंगठा दिला तर काय काय दिसंल?"

"सगळंच. कोण जवळ होतं, काय वाजलं, तुम्ही काय केलं."

संग्राम पुढं झुकला. "मॅडम, आईला रक्तदाब हाय. पत्र्याखाली सिग्नलचा घोटाळा असतोय. ती जेवढं आठवतंय तेवढं सांगंल."

"मला सगळं आठवतंय," आक्का म्हणाल्या. "तू गोळ्यांची डबी आणलीयस ती तुझ्यापाशी ठेव."

त्या उठल्या. टेबलापर्यंत चार पावलं होती. यंत्रापाशी कड्याचा हात ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा बघितला. तीस वर्षं त्यांनी तो कुणाला दिला नव्हता. मग काचेवर टेकवला आणि, जणू शाई नीट उठावी म्हणून, दाबून धरला.

खोत मॅडम वाचत राहिल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"दोन एक्केचाळीस. निळी हाक, संचिता, अकरा पावलं. पोचली. चार सेकंदांत बंद केली." त्या थांबल्या. "संग्राम यांचं कडं, दोन ते तीन, शून्य पावलं. ही दोन्ही कडी पावलाला पाऊल एकत्र चाललीत. तुम्ही वाकलात की ते वाकलं, तुम्ही बसलात की ते बसलं. दोन माणसं शेजारून चालली तरी असं जुळत नाही."

"न्हाई जुळायचं. ते कडं माझ्या ओच्यात हुतं. खिळ्यावरनं मी उचललं. तो माझ्याजवळ न्हवता." आक्कांनी संग्रामकडं बघितलं. "तासाभरानं आला. डोकं भिजलेलं. गंधकाचा वास येत हुता."

"आई," संग्राम म्हणाला, "तुला कळतंय का तू काय करतीस?"

"तुला नऊ वर्षांचा असल्यापासनं एकटीनं वाढवला. जे शिकवलं ते माझं, जे न्हाई शिकवलं ते बी माझंच. पण त्या खोलीत मी न्हवते. तिथं तू गेलास, कडं खिळ्याला लावून गेलास. त्याचा जाब तू द्यायचा."

खोत मॅडमचं पेन कागदावर चालू लागलं. दारात शेडमधल्या सात-आठ बायका कामाच्या टोप्यांसकट येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवरून आक्कांना कळलं की चार सेकंदांची गोष्ट बाहेर पोचली आहे. आज दुपारपर्यंत गावात, उद्या तालुक्यात. त्यांनी मान खाली घातली नाही. ती सवय त्यांना नव्हती, आणि आता लागणारही नव्हती.

त्या बाकाकडं वळल्या. रंजना उठून लेकीच्या पुढं उभी राहिली.

"बाजूला हो, रंजे. तिला मारायला न्हाई आले."

रंजना हलली नाही. तेव्हा आक्का जिथं होत्या तिथंच, सगळ्यांसमोर, फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. आता संचिता बाकावर आणि त्या खाली, आणि आईच्या हाताआडूनही पोरीचा चेहरा दिसत होता.

"संचिता," त्या म्हणाल्या, आणि दारातल्या बायकांना ऐकू जावं म्हणून आवाज शेडमधल्यासारखाच चढा ठेवला. "एकोणीस दिवस मी तुला नावं ठेवली. न सांगता गेली म्हणलं, रीत न्हाई म्हणलं. तू सांगितलंतंस. अंगातनं आवाज निघंना तरी माझ्या मनगटापातूर येऊन सांगितलंतंस. तू गोठलीतीस, पोरी. मी न्हवते गोठले. मला हात हुते, पाय हुते, तोंड तर कायमच हुतं. अकरा पावलं मला चालवली न्हाईत. तेव्हा ऐक आता माझा निकाल, आन् जो कुणी तुला पुढं कधी विचारील त्याला माझं नाव सांगून ऐकव. गुन्हा त्याचा. चूक माझी. तुझ्या वाटणीला ह्यातलं काहीसुद्धा येत न्हाई."